ह्यांची न वाजलेली धून

आमच्या ह्यांनी तरुणपणी एक धून बांधली होती आणि ती कुणीही कधी ऐकली नव्हती. त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते. लग्नाआधी ह्यांच्याकडे एक घरगुती कॉम्प्युटर होता. आताच्यासारखा नव्हे. जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळी यंत्रणा, मागून एक वायर टीव्हीला आणि दुसरी कॅसेट प्लेअरला. त्याला आवाज म्हणाल तर एकच, 'बीप'. बरोबर केलं तरी बीप, चुकलं तरी बीप. पण त्याच्या पाठीला एक फट होती आणि त्या फटीत बसणारं एक साउंड कार्ड तेव्हा निघालं होतं. कार्डावर एक चिप, आणि ती चिप म्हणे एका वेळी तीन वेगवेगळे सूर काढायची. ह्यांनी एका मासिकात त्या चिपची सगळी माहिती वाचली. कुठल्या आकड्याला कुठला सूर, तो किती लांबवायचा, कसा विझवायचा. दुकानदाराला कार्ड मागवायला सांगितलं आणि ते येईपर्यंत हात रिकामे कशाला, म्हणून हे धून लिहायला बसले. आकड्यांत.

कार्ड आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता धून पुरी झाली, कॅसेटवर उतरली, आणि ते दुकानच बंद पडलं. मग आमचं लग्न झालं, ह्यांनी चष्म्याचं दुकान घातलं, लेक झाली. कॉम्प्युटर खोक्यात घालून माळ्यावर गेला.

धून मात्र ह्यांच्या डोक्यातून गेली नाही. कुठे काही वाजत असलं, की हे मान तिरकी करून ऐकायचे आणि हळूच म्हणायचे, "बरं आहे. पण माझ्यात तीन आवाज आहेत." मी म्हणायची, "असतील." दुसरं काय म्हणणार?

माझे थोरले दीर व्हायोलिन शिकवतात. त्यांचे शिष्य गावोगाव वाजवत असतात, त्यामुळे भाऊजींच्या शब्दाला वजन. त्यांनी धाकट्या भावाचं नाव ठेवलं होतं 'मुका गवई'. घरी चार माणसं जमली की हमखास विषय काढायचे. "काय गवई, कंठ फुटला का? अरे, संगीत कानांनी करतात, पाढ्यांनी नाही!" सगळे हसायचे. हेही हसायचे. पण हे हसताना चष्मा काढून पुसायचे, आणि ज्या माणसाचं पोटच चष्म्यावर आहे, तो स्वच्छ चष्मा उगाच पुसत नाही, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

आमची लेक हॉस्पिटलांतली यंत्रं दुरुस्त करते. कुठे श्वासाचं मशीन अडलं, कुठे हृदयाचे ठोके दाखवणारा पडदा बंद पडला, की हिला बोलावणं. गेल्या उन्हाळ्यात लांब रजा घेऊन घरी आली होती. उकडत होतं म्हणून टेबलफॅन काढायला माळ्यावर चढली आणि पंख्याऐवजी तो खोका घेऊन खाली उतरली.

"बाबा, हा अजून चालतो?"

"कसला चालतोय," हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

चालत होता. लेकीने आधी सगळं उघडून बघितलं, एक-दोन फुगलेले भाग बदलले, मग टीव्हीला जोडला. निळसर पडदा आला आणि कोपऱ्यात एक चौकोन लुकलुकायला लागला. कॅसेटही सापडली. तिची फीत कुठे चिकटली नव्हती, तुटली नव्हती. प्लेअरमध्ये घातल्यावर कर्कश्श किंचाळ्या ऐकू आल्या, टीव्हीवर रंगीत पट्टे नाचले, आणि मग पडद्यावर ह्यांच्या प्रोग्रॅमची पहिली पाटी उमटली. लेक टाळी वाजवून ओरडली, "बाबा, आली! अख्खी आली!"

हे उठून आले, पडद्याकडे बघत उभे राहिले. "अरे वा," म्हणाले. "पण उपयोग काय? कार्ड कुठंय?"

"कार्ड आता मिळतं," लेक म्हणाली. "जुन्या मशीनचं वेड असणारी माणसं हाताने बनवून विकतात. चिप तीच, जुनी. मी मागवते."

तेव्हा ह्यांचा चेहरा मी बघितला. आनंद व्हायला हवा होता ना? पण तपासणीच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला शेवटची ओळ वाचता येत नाही, तेव्हा ते जसं इकडेतिकडे बघतं, तसे हे बघत होते.

कार्ड कुरिअरने आलं त्या दिवशी लेक बाहेर गेली होती. पाकीट ह्यांनी घेतलं, सही केली आणि टीव्हीच्या मागे ठेवून दिलं. संध्याकाळी तिने विचारलं, "बाबा, काही आलं का?" तर हे म्हणाले, "वीजबिल आलंय." मी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्ताने दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. हे मशीनवर काचेला कड मारत बसले होते.

"ते पाकीट टीव्हीमागे कशाला दडवलंत?" मी सरळच विचारलं.

ह्यांनी मशीन बंद केलं. बराच वेळ काच उजेडात धरून फिरवत राहिले. मग म्हणाले, "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. वाजली नाही तोवर ती धून चांगलीच आहे. माझ्या डोक्यात ती इतकी सुंदर वाजते, तुला काय सांगू. आणि खरी वाजल्यावर नुसतीच टुकटुक निघाली तर? इतकी वर्षं मी 'माझ्यात तीन आवाज आहेत' म्हणत फिरलो. दादा तर मला जगू देणार नाही."

"आणि नाहीच वाजवली तर?"

"तर काही नाही. आहे तसं."

"सव्वा लाखाची मूठ धरून हात आखडला नाही का हो तुमचा?" मी म्हटलं.

ते हसले. मी डबा ठेवला आणि निघाले. दारापर्यंत पोचले तोच मागून आवाज आला. "पाकीट दे तिला. नाहीतर बिचारी त्या कुरिअरवाल्याशी भांडत बसेल."

रविवारी लेकीने टेबल मोकळं केलं. कॉम्प्युटर बंद केला, वायरही काढून ठेवली. चालू मशीनमध्ये असलं काही खुपसायचं नसतं, हे तिने मला दोनदा समजावलं, जणू मीच खुपसणार होते. मग हिरवं, हाताच्या पंजाएवढं कार्ड मागच्या फटीत बसवलं, त्यातून एक वायर छोट्या स्पीकरला नेली आणि बटण दाबलं.

टीव्ही काळा. चौकोन नाही, निळा रंग नाही, काही नाही.

तिने बंद करून पुन्हा चालू केलं. काळाच. कार्ड काढलं, पुन्हा घातलं, जरा जोर लावून घातलं. काळा. मग कार्ड पूर्ण काढून नुसता कॉम्प्युटर चालू केला, आणि तरीही पडद्यावर नुसता कचरा आला, तुटकी अक्षरं, वेड्यावाकड्या रेघा. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा... मी जाळला बहुतेक."

"जाऊ दे गं," हे म्हणाले. लगेच म्हणाले. जरा जास्तच लगेच. "जुनं मशीन. आज ना उद्या जायचंच होतं. चहा टाका." आणि त्यांच्या आवाजात काय होतं, ते मी ओळखलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझं अख्खं नोकरीचं आयुष्य गेलं. पलीकडचा माणूस दिसत नसताना नुसत्या 'हॅलो'वरून तो रडून आलाय की भांडून, हे ओळखायची सवय लागलेली. ह्यांना हायसं वाटलं होतं. सुटलो एकदाचा, असं वाटलं होतं.

मी चहा टाकायला उठले. परत आले तर लेक तशीच बसून होती. दोन्ही हात मांडीवर, नजर त्या मेलेल्या पडद्यावर. ती रडत नव्हती. आमची लेक रडणाऱ्यांतली नाही. पण हॉस्पिटलात कोट्यवधींची यंत्रं जिवंत करणारी मुलगी बापाचं एक जुनं खेळणं मारून बसली होती, आणि ते तिच्या मानेत, खांद्यांत, सगळीकडे दिसत होतं.

"मी उगाच हात लावला," ती म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं सांभाळलंत आणि मी..."

हे तिच्याकडे बघत होते. कपबशी हातात, पण चहा प्यायचं विसरलेले. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"खोडरबर आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

"खोडरबर?"

"साधं. पेन्सिलीचं."

मी आणून दिलं. ह्यांनी कॉम्प्युटर उलटा करून त्याची पाठ उजेडाकडे केली. त्या फटीत आतून पितळी दातांची एक पट्टी डोकावते, तिच्यावर कार्ड बसतं. "बघ," ते लेकीला म्हणाले. "काळी पडलीये. ही अशी काळवंडली की हा रुसतो. तेव्हाही या फटीत गेमची डबी बसवली की असाच रुसायचा. त्यात आता कार्ड आत-बाहेर केल्यावर ती घाण एकीकडून दुसरीकडे पसरली, म्हणून नुसताही चालेना. जळलेला नाहीये."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

ह्यांनी खोडरबर उचललं. चष्म्याची काडी घासावी तितक्या हलक्या हाताने ते पट्टी घासत राहिले, वरून, खालून. चुरा फुंकून टाकला, खिशातल्या काचा पुसायच्या फडक्याने एकदा पुसून घेतलं. कार्डाच्या खोबणीतही ते फडकं फिरवलं. मग स्वतःच्या हाताने कार्ड फटीत बसवलं आणि बटण लेकीकडे सरकवलं. "दाब."

निळा पडदा. लुकलुकणारा चौकोन. आमच्या लेकीचा जीव असा भांड्यात पडला की तिने बापाला मिठीच मारली, आणि हे "अगं, कप, कप" करत राहिले.

खरं तर तेव्हाच वाजवून बघायचं. पण लेक उत्साहाच्या भरात. तिने काकांना फोन लावला आणि ह्यांना कळायच्या आत बोलावूनही टाकलं. भाऊजी दोन गल्ल्या पलीकडेच राहतात. आले. ऐसपैस खुर्चीत बसले, पायावर पाय टाकला.

"हं. होऊ द्या. गवयाला आज कंठ फुटतोय म्हणे!"

कॅसेट किंचाळली, पट्टे नाचले, पाटी आली. हे कीबोर्डसमोर बसले. बोट एका बटणावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. दाबलं.

काय सांगू तुम्हाला. स्पीकरमधून असं काही बाहेर पडलं, की एखाद्या डबीत पन्नास डास कोंडून ती डबी हलवली असावी. उंच, बारीक, टोचणारं. एक सूर धड सुरू होईतो तुटायचा, त्याच्यावर दुसरा आदळायचा. ढोलाच्या जागी नुसती 'फिस्स फिस्स'. भाऊजी आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आणि मग ते इतके हसले, इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "अरे, हा गवई नाही... ही तर... चिलटांची वरात!"

लेकीलाही हसू फुटलं, बिचारीने तोंडावर हात घेतला. हेही हसले. चष्मा काढला, पुसला, परत चढवला. धून संपायच्या आधीच मशीन बंद केलं. "दुकानात एक काम राहिलंय," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. रविवारी दुकान बंद असतं.

भाऊजी गेल्यावर लेक डोकं धरून बसली. "आई, मी काय करून ठेवलं हे?"

माझ्या कानात काहीतरी खटकत होतं. काय ते कळत नव्हतं, पण खटकत होतं. आमच्या एक्स्चेंजमध्ये रेकॉर्ड केलेली सूचना असायची, 'आपण डायल केलेला नंबर तपासून पाहा' वगैरे. कधी ती टेप वेगात सुटायची, मग ती बाई चिमणीसारखी चिवचिवायची. ऐकताना मला आधी तेच आठवलं होतं. पण तेच नव्हतं.

"हे बघ," मी लेकीला म्हटलं, "टेप वेगात सुटली की बोलणं पण पळतं. सगळंच धावतं. हे धावत नव्हतं. ताल अगदी निवांत होता, चालायला निघाल्यासारखा. मी पायाने ठेका धरून बघितला ना. गळा तेवढा चुकीचा होता."

लेकीने मान वर केली. "म्हणजे वेग बरोबर आणि सूरच वर?"

"हो. आणि तोकडे. फुटायच्या आत विझतात."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग झटकन कार्डावर वाकली. मला जे समजलं ते असं: धून किती वेगाने चालायची, हे कॉम्प्युटर ठरवतो. पण सूर किती उंच आणि किती लांब, हे चिप ठरवते, आणि चिपला सतत कुणीतरी ठोके द्यावे लागतात. ते ठोके कार्डावरच्या एका छोट्या स्फटिकातून येतात. ठोके जास्त पडले की सूर वर चढतात आणि लवकर विझतात. ह्यांनी आकडे लिहिले होते ते जुन्या कार्डाच्या ठोक्यांवर. हे नवं कार्ड बनवणाऱ्याने ठोके कितीचे ठेवलेत, कुणास ठाऊक.

"पण नेमकं किती वर गेलंय ते कळायला हवं," लेक म्हणाली. "अंदाजाने नाही चालायचं."

ह्यांच्या प्रोग्रॅमच्या पहिल्या पाटीवर धुनीशिवाय आणखी एक पर्याय होता: 'एकच सूर'. ते बटण दाबलं की एकच लांब सूर वाजत राहायचा. कशासाठी ठेवला होता, आम्हाला कळेना. पण आमच्या कामाचा होता, कारण त्याच्यापुढे कंसात ह्यांनी लिहिलं होतं: 'व्हायोलिनची दुसरी तार'.

मी फोन उचलला.

"भाऊजी, हसून झालं असेल तर व्हायोलिन काढा. दुसरी तार लावून घ्या आणि मी ऐकवते तो सूर तिच्याशी ताडून बघा."

"वहिनी, अहो आता पुन्हा ती चिलटं..."

"भाऊजी."

माझा हा आवाज घरात सगळ्यांना माहीत आहे. पलीकडून पेटी उघडल्याचा आवाज आला. मी रिसीव्हर स्पीकरजवळ धरला, लेकीने बटण दाबलं. बारीक, उंच सूर सुरू झाला. पलीकडे तार वाजली. थांबली. पुन्हा वाजली. या वेळी भाऊजी हसत नव्हते.

"सूर चुकलेला नाही," ते सावकाश म्हणाले. "सूर तोच आहे. बरोब्बर तोच. फक्त एक सप्तक वर."

"अख्खं सप्तक?"

"अख्खं. केसाचाही फरक नाही. हे आधी का नाही ऐकलं मी..." आणि स्वतःच उत्तर दिलं, "ऐकलं कुठे? हसत होतो."

मी लेकीला सांगितलं. सप्तक म्हटल्याबरोबर ती ओरडलीच. "एक सप्तक वर म्हणजे दुप्पट! ठोके दुप्पट पडताहेत!" कार्डाच्या कोपऱ्यात दोन पिनांवर एक इवलीशी काळी टोपी होती. ठोके निम्मे करायची सोय कार्ड बनवणाऱ्याने करून ठेवली होती, फक्त टोपी चुकीच्या जागी होती. तिने मशीन बंद केलं, चिमट्याने टोपी उचलून शेजारच्या पिनांवर बसवली, चालू केलं, कॅसेट पुन्हा चढवली. आम्ही दोघी श्वास धरून त्या किंचाळ्या ऐकत बसलो. पाटी आली. बटण दाबलं.

या वेळी सूर भरदार आला. गोल. मी रिसीव्हर पुढे केला. पलीकडे तार वाजली आणि दोन आवाज एकमेकांत असे मिसळले की कुठला कुणाचा कळेना.

"जुळलं," भाऊजी म्हणाले. मग म्हणाले, "वहिनी, त्याने हा सूर कशाला ठेवला होता? मशीनला काही तार लावावी लागत नाही."

"मला नाही माहीत," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

लेकीचा हात धुनीच्या बटणाकडे गेला होता. तो मी धरला. "नाही. आधी त्यांनी ऐकायचं."

हे दुकानात शटर अर्धं खाली करून बसले होते. आधीच पुसलेल्या फ्रेमा पुन्हा पुसत होते. मी काय झालं ते सांगितलं. टोपी, ठोके, सप्तक. ते ऐकत होते, पण डोळे फ्रेमांवर.

"म्हणजे आकडे बरोबर होते?" शेवटी त्यांनी विचारलं.

"केसाचाही फरक नाही, असं भाऊजी म्हणाले."

"दादा म्हणाला?"

"भाऊजीच म्हणाले."

ते उठले. आम्ही घरी आलो तर जिन्यात भाऊजी उभे. बगलेत व्हायोलिनची पेटी. "बोलावलं नाहीये मला," ते भावाला म्हणाले, "पण आलोय. मगाशी फार हसलो. आता ऐकायला आलोय."

हे बसले. या वेळी बोट उचललं नाही, थेट दाबलं.

मी काही जाणकार नाही, तेव्हा फार सजवून सांगत नाही. आधी एकच जाड सूर आला, सावकाश पावलं टाकत. मग त्याच्या वर दुसरा, जरा खोडकर, दोन पावलं पुढे जायचा, एक मागे यायचा. मग तिसरा आला आणि खोलीत कुणीतरी खिडकी उघडावी तसं झालं. काही ठिकाणी ती धून यांत्रिक होती, खोटं कशाला बोलू. एका ठिकाणी तर चक्क एक सूर चुकला. ह्यांनी कपाळावर हात मारला. "सहाच्या जागी नऊ मारलाय!" पण बाकी सगळी एक साधी, हसरी, चालत निघालेली धून होती. टुकटुक नव्हती. लेक माझा हात दाबत होती.

मध्येच तिसरा आवाज गप्प झाला. दुसराही अगदी हळू. नुसता जाड सूर चालत राहिला, रिकाम्या रस्त्यावर एकट्याने चालावं तसा. बराच वेळ. मग सगळे परत आले आणि धून संपली.

ह्यांची पाठ आमच्याकडे होती. वळले नाहीत.

"वाईट नाहीये," ते म्हणाले. सांगत होते की विचारत होते, कळलं नाही.

"वाईट?" भाऊजी म्हणाले. "दुसरा आवाज उशिरा उचलतो ते मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम."

"चांगलं केलंस. पण मधे का थांबलास? एवढी मोठी जागा मोकळी? तिथे तुला सुचलं नाही का काही?"

हे वळले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, साठी उलटलेल्या माणसाच्या. "तिथे तू होतास," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, कार्ड आलं की तुला बोलवायचं. तिथे व्हायोलिन. म्हणून तार लावायला सूर ठेवला."

भाऊजी पेटीकडे बघत राहिले. "मग सांगायचंस ना, गाढवा," ते म्हणाले. "मी आपला इतकी वर्षं..." त्यांनी पेटी उघडली आणि तारा लावायला घेतल्या. तेवढं एक बरं असतं वाजवणाऱ्यांचं, हातांना काम सापडतं.

मग पुन्हा धून लागली. मोकळी जागा आली तसे भाऊजी डोळे मिटून शिरले आणि असे रंगले की बाहेर यायलाच विसरले. कॉम्प्युटर कशाला थांबतोय? तिन्ही आवाज धाडकन आले आणि भाऊजींच्या अंगावरून निघून गेले. "अरे, हा थांबत नाही रे!" त्यांनी गज हवेत धरून तक्रार केली. दुसऱ्यांदा ते घाईघाईत आधीच संपले आणि अवघडून उभे राहिले. गावोगाव शिष्य असलेला माणूस एका बिनडोक डब्यापुढे घामाघूम झाला. आता हसायची पाळी ह्यांची होती. हे टेबलावर हात आपटून हसले. आणि हसताना त्यांनी चष्मा काढला नाही. मी मुद्दाम बघत होते.

"तिथली जागा वाढवून दे," भाऊजी म्हणाले. "मला जरा फिरायला जागा हवी."

"वाढवतो. सोपं आहे. आकडाच तर बदलायचाय."

"आणि तो चुकलेला सूर?"

"तोही बदलतो."

"नको," लेक म्हणाली. "तो मला आवडला."

त्यावर दोघं भाऊ एकदम तिच्यावर तुटून पडले, चुकीचा सूर कसा आवडू शकतो म्हणून. त्या बाबतीत दोघांचं एकमत होतं आणि मला वाटतं, संगीताच्या विषयात ते त्यांचं पहिलंच एकमत असावं. लेक ऐकेना. तिघांचा आवाज चढत गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं चढवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. दिवसभर किती ताणून धरलं होतं मी स्वतःला, ते तेव्हा कळलं. बाहेर ह्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. दादाला मधेच तोडून ते सांगत होते की जाड सूर आधी कसा सुचला, मग दुसरा कसा, कुठे अडलं होतं आणि मग ते कसं सुटलं. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं. आता विचारणारा बसला होता.

"वहिनी," भाऊजींनी आतल्या दिशेने हाक मारली, "मी जेवूनच जाईन हो!"

"पातेलं मोठंच घेतलंय," मी म्हटलं.